तहान आणि विहीर : मंदीतील सरकारी खर्च आणि स्वच्छ ऊर्जा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चालकांनी विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने संतसाहित्यावर किंवा नवकवितेवर बोलावे, अशी आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा असणार. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते सर विज्ञानाचे शिक्षक होते, आणि विज्ञानाच्या तासाला ते विजेच्या बिलावर बोलत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. म्हणून आज मी वीज आणि सरकारी तिजोरी यांच्या संबंधावर बोलण्याचे धाडस करीत आहे. मी अर्थशास्त्री नाही. जे बोलणार आहे ते एका जिज्ञासू वाचकाचे टिपण समजावे.

प्रश्न असा आहे : मंदी आली, कारखाने थंडावले, माणसे घरी बसली, की सरकारने कर्ज काढून खर्च करावा आणि बाजाराला चालना द्यावी, हे आता बहुतेक देशांत मान्य झाले आहे. मग असा खर्च करायचाच असेल तर तो पवनचक्क्या, सौर पत्रे, विजेच्या सुधारलेल्या तारा, घरांतील इंधनाची बचत यांवर का करू नये? एका खर्चात बेकाराला काम आणि पुढच्या पिढीला स्वच्छ हवा, अशी दोन्ही पुण्ये पदरी पडतील. ऐकायला हे फार सोपे वाटते. २००९ साली अमेरिकेने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि त्याचे हिशेब आता बरेचसे उपलब्ध आहेत. ते पाहण्यासारखे आहेत.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे, कारण ती माझी सवय आहे. इंग्रजीतील 'स्टिम्युलस' या शब्दासाठी आपल्या वृत्तपत्रांनी त्या काळात 'पॅकेज' हा शब्द रूढ केला. पॅकेज म्हटले की दोरीने बांधलेले पुडके डोळ्यांसमोर येते, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. कदाचित म्हणूनच तो शब्द राज्यकर्त्यांना आवडला असावा. मला 'चालना' हा शब्द बरा वाटतो. पण खरे सांगायचे तर मराठी माणसाला या कल्पनेसाठी नवा शब्द नकोच आहे. आपल्याजवळ 'दुष्काळी काम' हा शब्द आहे.

माझ्या पिढीतील ज्यांनी १९७२-७३ चा महाराष्ट्र पाहिला त्यांना अधिक सांगायला नको. रखरखीत माळावर रांगा करून खडी फोडणारी माणसे, मुकादम, हजेरीपट, आणि पोटाला सुकडी. त्या दुष्काळाच्या शिखरावर, १९७३ च्या उन्हाळ्यात, सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. माणसे जगली, हे त्या कामांचे थोर यश होय. परंतु पाऊस पडल्यावर मागे काय राहिले, हा दुसरा प्रश्न त्याच वेळी विचारला जाऊ लागला. कोठे पाझर तलाव राहिला, कोठे नालाबांध राहिला, आणि कोठे कोणत्याही रस्त्याला न लागलेले खडीचे ढीग राहिले. हाताला काम दोन्हीकडे सारखेच मिळाले होते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या प्रश्नाचा विचार आधीच सुरू केला होता. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी १९६५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना वाढली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेतील एक गोष्ट मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते, आणि तिचे कौतुक फारसे होत नाही. तालुक्यातालुक्यातील कामांचा आराखडा आधीच करायचा, मोजणी करायची, अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचे, आणि कागद तयार ठेवायचे. सरकारी बोलीत याला 'शेल्फवरची कामे' म्हणत. मजूर काम मागायला आला की शेल्फवरून एक काम उतरवायचे. प्रत्यक्षात खोटे हजेरीपट झाले, अर्धवट तलाव राहिले, हे सर्व खरे. तरीही तहान लागण्यापूर्वी विहिरीची जागा आखून ठेवावी हे त्या योजनेने कायद्याच्या भाषेत सांगितले होते.

आता अमेरिकेकडे वळू. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि पाठोपाठ जगाचा पतव्यवहार गोठला. बराक ओबामा सत्तेवर आल्यानंतर महिन्याच्या आत, १७ फेब्रुवारी २००९ रोजी, त्यांनी डेन्व्हर येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात एका कायद्यावर सही केली. त्या संग्रहालयाच्या छतावर सौर पत्रे बसविलेले होते आणि सहीपूर्वी ते पाहण्यात आले. यातील संकेत कोणाच्याही लक्षात यावा. कायद्यातील एकूण रक्कम ७८७ अब्ज डॉलर होती, पैकी सुमारे ९० अब्ज स्वच्छ ऊर्जेशी निगडित कामांना. एका देशाने एका कायद्याने एवढा पैसा या कामाला पूर्वी कधी दिला नव्हता.

त्या वेळी एक शब्दप्रयोग तेथे सर्वांच्या तोंडी होता. ज्या कामांवर उद्या सकाळी फावडे चालवता येईल, अशीच कामे घ्यायची. दीड वर्षानंतर ओबामांनी एका मुलाखतीत मान्य केले की सरकारी कामांत अशी तयार कामे मुळात नसतातच. विसापूरच्या माणसाने त्यांना हे आधीच सांगितले असते.

यातील सर्वांत साधे काम पाहू. थंड प्रदेशात गरिबांच्या घरांतून ऊब निसटून जाते आणि इंधनाचे बिल वाढते. माळ्यावर व भिंतींत उष्णतारोधक थर भरणे, खिडक्यांच्या फटी बुजविणे, जुनी भट्टी बदलणे, एवढेच हे काम. त्यासाठीची केंद्रीय योजना १९७६ पासून चालू होती, तिचे जाळे होते, आणि काम सुतार-गवंड्यांचे होते. मंदीत घरबांधणीच बुडाल्यामुळे नेमके हेच कारागीर बेकार होते. याहून चांगली जोडी कोणती? वर्षाला पाव अब्जाच्या आतबाहेर खर्चणाऱ्या या योजनेला एकदम ५ अब्ज डॉलर मिळाले. आणि पहिले वर्ष संपले तेव्हा त्यातील दहावा हिस्साही खर्च झालेला नव्हता.

कारण ऐकले तर आपल्या कोणत्याही निवृत्त मामलेदाराला हसू येईल. १९३१ च्या एका कायद्यानुसार सरकारी बांधकामावरील मजुराला त्या त्या भागातील प्रचलित मजुरी द्यावी लागते. ही अट या योजनेला पूर्वी लागू नव्हती, नव्या पैशाला मात्र लागू झाली. तेव्हा फटी बुजविणाऱ्या कामगाराची प्रचलित मजुरी किती, हे देशातील जिल्ह्याजिल्ह्यांत ठरविणे आले. ते ठरेपर्यंत अनेक राज्यांनी पैसा हातातच धरून ठेवला. अट मजुरांच्या हिताचीच होती, तिला दोष देता येत नाही. ती आधी विचारात घेतली गेली नव्हती, इतकेच. पुढे वेग आला आणि २०१२ पर्यंत सहा लाखांहून अधिक घरे पूर्ण झाली.

पण बचत किती झाली? मिशिगन राज्यातील तीस हजारांहून अधिक कुटुंबांवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अभियंत्यांच्या गणिताने जेवढी बचत व्हायला हवी होती तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी प्रत्यक्षात झाली, आणि केलेला खर्च मिळालेल्या बचतीच्या सुमारे दुप्पट होता. हा निष्कर्ष स्वच्छ ऊर्जेच्या कैवाऱ्यांना रुचला नाही. मला तो टाळता येत नाही. ज्या म्हाताऱ्या बाईचे घर जानेवारीत उबदार झाले तिच्या सुखाची किंमत या गणितात धरलेली नाही, असे म्हणता येईल आणि म्हणावेही. परंतु मग त्या खर्चाला गरिबांचे साहाय्य म्हणावे. धूर कमी करण्याचा तो स्वस्त मार्ग म्हणून त्याची जाहिरात करू नये.

दुसरे उदाहरण मला फार शिकविणारे वाटते. अमेरिकेत पवनऊर्जेला सरकारी मदत मिळे ती करसवलतीच्या रूपाने. करसवलत ज्याला नफा आहे त्याच्याच उपयोगाची. पवनचक्क्या उभारणाऱ्यांना सुरुवातीची वर्षे नफा नसतो, म्हणून ते आपली सवलत मोठ्या बँकांना देत आणि बदल्यात भांडवल मिळवीत. २००८ मध्ये बँकांचाच नफा नाहीसा झाला. त्यांना कर भरायचा नव्हता, तेव्हा करसवलत कशाला हवी? योजना कागदावर जिवंत आणि व्यवहारात मृत. २००९ च्या कायद्याने सांगितले की सवलतीऐवजी, प्रकल्प पूर्ण होऊन वीज सुरू झाली की खर्चाच्या ३० टक्के रक्कम तिजोरीतून रोख घ्या. येथे नवे खाते काढावे लागले नाही. जागा पाहिलेल्या होत्या, वाऱ्याची मोजमापे झालेली होती, करार झालेले होते. अडले होते ते फक्त पैशाचे. म्हणजे शेल्फवर कामे होती. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत पवनऊर्जेची क्षमता सुमारे २५ हजार मेगावॉट होती, ती २०१२ च्या अखेरीस ६० हजार मेगावॉट झाली. याचे सगळे श्रेय त्या अनुदानाला देणे बरोबर होणार नाही. पण मंदीच्या ऐन काळात हा उद्योग मेला नाही, याचे बरेचसे श्रेय त्याला द्यावे लागेल.

टीकाही झाली. सप्टेंबर २००९ मधील पहिल्या हप्त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम इबेरद्रोला या स्पॅनिश कंपनीच्या प्रकल्पांना गेली. अमेरिकन करदात्याने स्पेनच्या कंपनीला पैसे का द्यावेत, असा ओरडा झाला. पवनचक्की टेक्सासच्या माळावरच उभी राहते, ती माद्रिदला नेता येत नाही, हे उत्तर बरोबर असले तरी बेकार माणसाला ते पटविणे अवघड असते. आणि सवलतीची मुदत संपत आल्याने २०१२ मध्ये झालेल्या घाईनंतर २०१३ मध्ये जेमतेम ११०० मेगावॉटची भर पडली. आदल्या वर्षी ती १३ हजारांवर होती. हा झटका कोणत्याही कारखान्याला कसा सोसावा?

आता ज्या नावाशिवाय हा विषय निघतच नाही ते घेतो. सोलिंड्रा. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील ही कंपनी सपाट पत्र्यांऐवजी काचेच्या नळ्यांचे सौर संच बनवीत असे. या नळ्यांत सिलिकॉन लागत नसे. २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता, त्यामुळे ही युक्ती फार मोलाची वाटली. सप्टेंबर २००९ मध्ये सरकारने तिला ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी दिली. पण सिलिकॉनचे नवे कारखाने सुरू झाले आणि काही वर्षांतच भाव त्याच्या दहाव्या हिश्श्याखाली आला. ज्या महागाईवर कंपनीचे गणित उभे होते तीच ओसरली. सप्टेंबर २०११ मध्ये सोलिंड्राने दिवाळे काढले, सुमारे ११०० माणसांची नोकरी गेली, आणि पुढची निवडणूक होईपर्यंत हे नाव दररोज ऐकू येत राहिले.

सोलिंड्रा हा गैरव्यवहार होता की धोका पत्करण्याची अटळ किंमत होती, यावर तेथे ग्रंथ होतील. मला एवढेच सांगायचे आहे की त्याच कर्जहमी योजनेतून अमेरिकेतील १०० मेगावॉटहून मोठे पहिले पाच सौर प्रकल्प उभे राहिले. ॲरिझोनातील आग्वा कालिएंते हा २९० मेगावॉटचा प्रकल्प त्यांपैकी एक. तोवर एवढ्या मोठ्या सौर प्रकल्पाला कर्ज द्यायला कोणतीही बँक तयार नव्हती, कारण तसा प्रकल्प कोणी पाहिलेलाच नव्हता. हे पाच उभे राहिल्यावर पुढच्यांना खासगी बँकांनी कर्जे दिली. सरकारने येथे पैशाबरोबर पहिलेपणाचा धोका उचलला. २०१४ मध्ये ऊर्जा खात्याने जाहीर केले की मिळालेले व्याज बुडालेल्या रकमेपेक्षा अधिक झाले आहे. सरकारलाही कर्जावर व्याज द्यावे लागते, तेव्हा याला नफा म्हणू नये; पण दिवाळखोर योजना तर खचितच म्हणता येणार नाही. जाता जाता सांगतो : टेस्लाला मिळालेले ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज पुष्कळ जण याच कायद्याच्या खात्यावर जमा धरतात. ते २००७ च्या वेगळ्या कायद्याखालचे होते, आणि मे २०१३ मध्ये मुदतीच्या नऊ वर्षे आधी फेडले गेले.

मग नोकऱ्यांचे काय? मुळात खर्च त्यासाठी होता. डेव्हिड पॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऊर्जाखर्चाचा विभागवार अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. दर दहा लाख डॉलरमागे सुमारे १५ नोकऱ्या निर्माण झाल्या. परंतु त्या मुख्यतः २०१३ ते २०१७ या काळात. मंदीच्या ऐन भरात जवळजवळ काही नाही. नोकऱ्या बहुतेक अंगमेहनतीच्या होत्या, आणि मजुरी मात्र वाढली नाही. आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या भागात अशा कामाचे कसब असलेली माणसे आधीपासून होती, तेथे तोच पैसा अधिक नोकऱ्या देऊन गेला. जेथे कसब नव्हते तेथे पैसा आला आणि फारसे काही न रुजवता गेला. म्हणजे ज्यांच्या विहिरी आधीच अर्ध्या खणलेल्या होत्या त्यांना पाणी लागले.

यातून आपल्या बडोद्याकडे येणे मला क्रमप्राप्त वाटते, कारण त्याच वर्षांत आपल्या राज्याने वेगळ्या रीतीने हाच खर्च केला आणि त्याचा हिशेब ठेवणारे कार्यालय आपल्याच गावात, रेसकोर्स मार्गावर आहे. भारत सरकारने २००८-०९ मध्ये मंदीवर जे उपाय योजले त्यांचा भर उत्पादनशुल्काच्या कपातीवर होता, ऊर्जेवर नव्हता. राष्ट्रीय सौर मोहीम जानेवारी २०१० मध्ये आली. गुजरातचे सौर धोरण त्याआधीच, २००९ मध्ये, जाहीर झाले होते, आणि वीज नियामक आयोगाने जानेवारी २०१० मध्ये दर ठरविला : पहिली १२ वर्षे युनिटला १५ रुपये, पुढची १३ वर्षे ५ रुपये. एप्रिल २०१२ मध्ये पाटण जिल्ह्यातील चारणका येथे सौर उद्यान सुरू झाले. डिसेंबर २०२० मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैसे निघाला.

पंधरा रुपये आणि दोन रुपये. मधली रक्कम कोणी दिली? तिजोरीने कर्ज काढून दिली नाही. ती तुमच्याआमच्या बिलांतून, युनिटायुनिटाने गेली. अमेरिकेने अनुदान एकदा दिले आणि खाते मिटविले. आपण पंचवीस वर्षांचा शब्द दिला. हा शब्द महाग पडतो आहे असे दिसू लागल्यावर २०१३ मध्ये निगमाने दर कमी करून मागितला, आणि आयोगाने ती मागणी फेटाळली. बिल भरणारा म्हणून मला तो निर्णय जड वाटला होता. आज मी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने असेच चढे दर दिले, चीनने कारखाने उभारले, आणि आपल्यासारख्यांनी महाग वीज विकत घेतली. या सर्वांनी मिळून भरलेल्या शिकवणीच्या फीमुळे भाव उतरला. पण ही फी भरताना गरीब ग्राहकाला कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

तहान लागण्यापूर्वी विहिरीसाठी पैसा बाजूला काढण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या देशात झाला होता, तो मात्र मनाला लागून राहतो. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसविला, त्यातून स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा होता. २०१६ पर्यंत हा उपकर ४०० रुपये झाला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. निधीकडे त्यातले तीस हजार कोटीही पोचले नाहीत, आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हाच उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द झाला. या निधीविषयी ना सोलिंड्रासारखा गदारोळ झाला, ना चौकशी. बुडालेल्या कंपनीचे नाव लक्षात राहते; न केलेल्या खर्चाला नावच नसते.

अमेरिकेची कथा २०१२ ला संपली नाही. १६ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे आणखी मोठा कायदा झाला. या वेळी मंदी नव्हती, उलट महागाई होती. २००९ चा धडा घेऊन घाईचा पैसा टाळण्यात आला आणि दहा-दहा वर्षांच्या करसवलतींचे आश्वासन देण्यात आले, जेणेकरून कारखानदाराने निर्धास्तपणे पाया घालावा. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने त्यातील बराच भाग मागे घेतला. विजेच्या मोटारीवरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. पवन आणि सौर प्रकल्पांनी ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू करावे, नाहीतर २०२७ अखेरपर्यंत वीज सुरू करावी, अशी अट आली. दहा वर्षांचा शब्द तिसऱ्या वर्षी फिरला. २००९ ची रोख अनुदाने घाईची होती, पण ती दिली गेली ती गेली; कोणाला परत घेता आली नाहीत. आणि २०१३ मध्ये ज्या आयोगाने आपले बिल कमी करण्यास नकार दिला, त्याने दिलेला दर चारणकाच्या प्रकल्पांना पूर्ण बारा वर्षे मिळाला. २०२४ च्या सुमारास तो ठरल्याप्रमाणे पाच रुपयांवर आला.